खुर्चीवरून उठणार नाही

माउफांगा, नुकुअलोफा
१८ जून २०१८

आदरणीय लुसेआनेताई यांस,

मी, फिलिमोने लोलोहेआ, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी पूर्ण, धंदा पूर्वी फेतुउ चित्रपटगृहात चित्रपट सांगण्याचा व आता कोनफळांच्या मळ्याचा, चर्चच्या गायकवृंदात जाड आवाजाच्या रांगेतील पहिला, टोंगाच्या राज्यात कोणाच्याही अध्यात न मध्यात, आपला सख्खा धाकटा भाऊ, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की आपला निरोप मला पोहोचला, तो मी उभ्याने ऐकला, आणि तो मी पाळणार नाही.

निरोप आपल्या कन्येने, चि. वासितीने आणला. ती दारातूनच म्हणाली, "मामा, आईचा ऑकलंडहून फोन होता. तुम्ही बसा आधी."

मी म्हणालो, "तुझ्या आईचा निरोप मी बसून ऐकत नाही."

"मग उभ्यानं ऐका. आई म्हणते, हेइलालाच्या सणात समुद्राकाठी तो जुना सिनेमा दाखवणारेत ना, त्यात तुम्ही माइकपुढे बसायचं नाही. घराण्याची एकदा शोभा झाली तेवढी पुरे. आणि बसलात, तर तुम्ही गेल्यावर ती तुमच्या उशाशी बसायला येणार नाही. मामा, हे माझे शब्द नाहीत हं, तिचे आहेत."

माझी पत्नी तोआकासे जेवणासाठी पानांत लू गुंडाळत होती. तिच्या हातातले अळूचे पान फाटले. वासितीने निरोप दिल्यावर भिंतीवरची माझी चांगली छत्री उतरवली आणि विचारले, "ही नेऊ?" भाचीचा हक्क आहे, ती नेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मुलांनी माझ्या घरातून काहीही उचलावे, मी दार उघडे ठेवीन. आपण माझ्याहून वरच्या आहात, हे मी कोणालाही सांगू देत नाही, कारण ते सांगण्याची गरज पडावी हाच मला अपमान वाटतो.

परंतु उशाशी बसण्याचे आपण जे म्हणालात, ते मला लागले. भाऊ मेल्यावर त्याच्या उशाशी बहिणीची चटई अंथरलेली नसली, तर लोक त्या मृतास पाहून काय म्हणतील ते आपणास ठाऊक आहे. म्हणतील, हा कोणाचा कोणी नव्हता. एवढी मोठी शिक्षा आपण ठोठावलीत. ती मी ऐकून, समजून, स्वीकारून सांगतो की मी माइकपुढे बसणार आहे.

समितीच्या चिटणीस कालोलाइनेबाई माझ्याकडे स्वतः चालत आल्या. शिकलेल्या आहेत, परदेशी राहून आल्या आहेत, तरी रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई नीट बांधून आल्या, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "आजोबा, आमच्या पिढीनं हे ऐकलंच नाही. इंग्रजी सिनेमा चालू आणि शेजारी एक माणूस बसून तो आपल्या भाषेत सांगतोय. दहा मिनिटांचा नमुना दाखवाल का?"

मी म्हणालो, "नमुना कापडाचा दाखवतात. मी अख्खा चित्रपट सांगेन, नाहीतर कोनफळे खणीन."

त्यांनी अख्खा चित्रपट मान्य केला.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत नव्हे),
फिलिमोने


माउफांगा, नुकुअलोफा
२७ जून २०१८

आदरणीय लुसेआनेताई यांस,

वासितीकरवी आपण विचारलेत, चित्रपट कोणता. प्रश्न विचारलात म्हणजे माझे पत्र आपण फाडले नाही, असे मी धरून चालतो.

चित्रपट तोच आहे. काळ्या घोड्याचा.

तो मी निवडला असे ऑकलंडच्या चर्चमध्ये बोलले जात असल्यास ते खोटे आहे. फेतुउ बंद पडले तेव्हा बाकीच्या सर्व फिती ज्याच्या त्याला परत गेल्या. ही एकच मागे राहिली, कारण त्या संध्याकाळनंतर मालकाने ती पुन्हा लावली नाही आणि डब्याला हात लावायलाही कोणी तयार होईना. इमारतीत आता लाद्यांचे गोदाम आहे. लाद्या हलवताना डबा निघाला. म्हणजे आपल्या नावाने जी फीत वाळीत पडली, तीच जगली. यात माझा हात नाही.

आता त्या संध्याकाळविषयी. आपण कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही, कारण तसल्या गोष्टी भाऊ बहिणीपाशी बोलत नाही. आजही मी ती एक गोष्ट या कागदावर नावाने लिहिणार नाही. "ती गोष्ट" एवढेच लिहीन. आपणास कळेल.

मी वयात येताच बाबांनी रीतीप्रमाणे मला मुलांच्या झोपडीत निजायला पाठवले, त्या दिवसापासून ज्या छपराखाली आपण, तिथे मी नाही. मी चित्रपट सांगू लागल्यावर सारे नुकुअलोफा मला ऐकायला येई. शेंगा भाजणाऱ्या बायका माझी वाक्ये घरी नेत. एक आपण तेवढ्या कधी आला नाहीत, कारण रोज मी तिथे होतो. चित्रपट पाहणे आपण माझ्यासाठी सोडलेत, हे मला ठाऊक होते. बोललो नाही, तरी ठाऊक होते.

त्या दिवशी पाळी दुसऱ्या निवेदकाची होती. म्हणून आपण आलात. आपल्या होणाऱ्या सासूबाई वावाऊ बेटावरून आल्या होत्या, त्यांना चित्रपट पाहायचा होता. आपण रीतीने चौकशी केली, फिलिमोनेची सुट्टी आहे असे उत्तर मिळाले, मग तिकीट काढले. आपले काहीही चुकले नाही. दुसऱ्या निवेदकाचा घसा बसला आणि मालकाने माझ्याकडे सायकल पिटाळली. मी आलो, दिवे मालवले होते, थेट माइकपुढे बसलो. माझेही काहीही चुकले नाही.

फीत त्याच आठवड्यात जहाजातून उतरलेली. मी ती आधी पाहिली नव्हती. मला त्याची फिकीर नसे. इंग्रजी मला चित्रपटगृहापुरतेच येई. पडद्यावरचे लोक काय बोलतात ते त्यांचे त्यांना ठाऊक. त्यांनी काय बोलायला हवे होते ते मी सांगत असे, आणि ते लोकांना अधिक आवडे. एक उंच माणूस काळ्या घोड्यावरून थंड मुलखातून चालला होता. बंदरावर एक बाई खानावळ चालवीत होती आणि रोज खिडकीतून समुद्राकडे पाहत होती. दोघांचा काही संबंध असणार, हे उघड होते.

मग, आपण सभागृहात आहात हे मला कळले. कसे कळले ते मी लिहिणार नाही.

मी उठून जायला हवे होते, असे आपले म्हणणे असेल. ताई, सभागृह गच्च भरलेले होते. मी उठलो असतो तर लोकांनी दिवे लावायला लावले असते, कारण विचारले असते, आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या असत्या. होणाऱ्या सासूबाईंच्या देखत. मी बसूनच मार्ग काढला. तो माणूस आणि ती बाई एकमेकांची असणार, आणि पुढे काही नको ते बोलावे लागणार, हे ओळखून मी आधीच माइकवर जाहीर केले, "मंडळी, हे दोघे बहीणभाऊ आहेत. भाऊ लहानपणी दर्यावर गेला. बहीण त्याची वाट पाहते आहे."

आपल्या कानांवर अभद्र शब्द पडू नये, म्हणून मी परक्या मुलखातल्या त्या दोघांना सख्खी भावंडे केले. बायकांनी डोळे पुसले. मला वाटले, जिंकलो.

आणि मग ते दोघे धक्क्यावर भेटले आणि ती गोष्ट झाली. पडदाभर झाली. पुष्कळ वेळ झाली.

पुढचे आपण ऐकले आहे. कोणी बाके बडवली, कोणी किंचाळले, म्हाताऱ्या शालीत तोंड लपवून बाहेर पळाल्या. मागून कोणीतरी ओरडले, त्यात माझे नाव होते आणि आपलेही. ते शब्द मी लिहिणार नाही. माझा मित्र पौलिअसी कावा पिण्याच्या बैठकीत ते अजून म्हणून दाखवतो, आणि मी दरवेळी त्याची वाटी उलटी करतो.

सासूबाई दुसऱ्या दिवशी बोटीने वावाऊला परत गेल्या. लग्न मोडले. आपण ऑकलंडला गेलात आणि मला एका शब्दाने विचारले नाहीत. आपण समजलात की मी माइकवर चढून बहिणीची थट्टा केली.

मी क्षमा मागत नाही. ज्या गोष्टीसाठी मागावी अशी गोष्ट मी केलेली नाही. मी त्या संध्याकाळी जे केले ते आपल्या मानासाठी केले, आणि तशीच वेळ आली तर तसेच करीन. फक्त फीत आधी पाहून घेईन.

आपला भाऊ,
फिलिमोने


माउफांगा, नुकुअलोफा
३ जुलै २०१८

आदरणीय लुसेआनेताई यांस,

हे पत्र उद्याच्या विमानाने निघणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती देत आहे. आपण विमानात बसण्यापूर्वी ते आपल्या हाती पडावे.

वासिती काल आली. या वेळी तिने काही नेले नाही, त्यावरूनच मी ओळखले की निरोप वाईट आहे.

म्हणाली, "मामा, आई येतेय."

तोआकासे म्हणाली, "अगं बाई! कधी? चादरी धुवायला हव्यात."

"मामी, चादरींचं राहू द्या. आई म्हणाली, 'मी पहिल्या रांगेत चटई टाकून बसणार. मग बघू तो माइकपुढं कसा बसतो. बहीण समोर आली की भावानं उठायचं, हे त्याला शिकवायला नको.'"

पौलिअसी ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "फिलि, मेलास! बुद्धिबळात याला काय म्हणतात रे? म्हातारीनं घोडा पण नाही हलवला, स्वतःच येऊन बसली!"

मी त्याला सांगितले की माझ्या बहिणीस म्हातारी म्हणायचे असेल तर आधी ओट्यावरून उतर. तो उतरला, नीट उभा राहिला आणि म्हणाला, "बरं. ताईसाहेबांनी तुझ्यावर मात केली."

ताई, डाव चांगला आहे, हे मी मान्य करतो. आपण मला मनाई केलीत, ती मी मोडू शकलो. आता आपण मनाई करीत नाही, नुसत्या येऊन बसणार आहात, आणि मला उठवण्याचे काम रीतीवर सोपवता आहात. बहिणीसमोर असला चित्रपट सांगणारा भाऊ या बेटावर कोणी पाहिलेला नाही. लोक चित्रपट पाहायला येणार नाहीत. मी उठतो की नाही ते पाहायला येणार. कालोलाइनेबाई सांगत होत्या की ज्यांचा सणाशी संबंध नाही ते लोकही चटया राखून ठेवायला आले होते.

तरी मी लिहून देतो की मी खुर्चीवरून उठणार नाही.

आणि रीतही मोडणार नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी एकत्र अशक्य वाटतील. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला त्या शक्य वाटतात.

आईने झोडपून केलेले झाडाच्या सालीचे मोठे कापड आमच्या पेटीत आहे. लहानपणी घरात पाहुणे दाटले की आई तेच कापड मधोमध टांगत असे. अलीकडे मुली, पलीकडे मुलगे. कापडापलीकडचे घर हे दुसरे घर, असे ती म्हणे, आणि पाद्रीसाहेबांनीही कधी हरकत घेतली नाही. मी माझ्या खुर्चीभोवती बांबू रोवून ते कापड चारही बाजूंनी टांगणार आहे. आपण आपल्या घरात असाल, मी माझ्या घरात. एका छपराखाली आपण नसू. तिथे छप्परच नाही, आकाश आहे.

कालोलाइनेबाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, पडद्याआड बसलात तर पडदा दिसणार कसा तुम्हाला?"

मी म्हणालो, "दिसायची गरज नाही. तो चित्रपट मला पाठ आहे."

"एकदाच पाहिलाय ना?"

"एकदाच. पण तुम्हाला तुमच्या घराला लागलेली आग कितीदा पाहावी लागते?"

बांबू समितीचे असतील, असे त्या म्हणाल्या.

पाहता येत नाही म्हणून मी चुकेन आणि लोक हसतील, असे आपणास वाटत असल्यास आपण अवश्य या आणि पाहा. वारा सध्या आग्नेयेकडून आहे, संध्याकाळी गार होते. गुडघ्यांसाठी काहीतरी आणावे.

आपला भाऊ,
फिलिमोने


माउफांगा, नुकुअलोफा
१६ जुलै २०१८

आदरणीय लुसेआनेताई यांस,

वासितीने सांगितले की आपण सुखरूप पोहोचलात. तिने हेही सांगितले की ऑकलंडच्या चर्चमध्ये दोन गोष्टी पसरल्या आहेत: एक, मी उठलो, दुसरी, आपण उठलात. आपला निरोप असा, "त्याला म्हणावं, काय झालं ते तूच लिहून दे. माझ्या तोंडचं कोणी खरं मानत नाही, म्हणतात भावाची बाजू घेते." ते शेवटचे वाक्य वासितीने मला दोनदा म्हणून दाखवले, कारण मी पहिल्यांदा ऐकू आले नाही असे सांगितले.

म्हणून रीतसर लिहून देतो. हे चर्चमध्ये वाचून दाखवावे.

सूर्य मावळल्यावर गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रपट सुरू झाला. मी त्याआधीच माझ्या कापडात बसलो होतो. आपण आल्याचे मला दिसले नाही, कळले. कारण सगळा समुद्रकिनारा एकदम गप्प झाला आणि मग चटई उलगडल्याचा आवाज माझ्या खुर्चीच्या अगदी जवळ आला. पहिली रांग मागे बरीच जागा सोडून होती. आपण तिच्याही पुढे, कापडाला लागून चटई टाकलीत. हे आपण मला हरवायला केले की कसे, ते मी विचारले नाही आणि विचारणार नाही.

लोक थांबले. मी उठलो नाही. कालोलाइनेबाईंनी यंत्र चालू करायला सांगितले.

मी सुरुवात चांगली केली. उंच माणूस, काळा घोडा, बर्फ. बर्फ म्हणजे काय हे मी पूर्वी सांगायचो तसेच सांगितले: देवाने नारळ किसून टाकला आहे, पण खाता येत नाही. तरुण मंडळी हसली. मला बरे वाटले.

पण त्या फितीचे मधले तुकडे कुजून गेले होते आणि यंत्रवाल्याने ते कापून पुढचे जोडून टाकले होते. हे मला कोणी सांगितले नव्हते. मी माझ्या स्मरणाप्रमाणे चाललो होतो. भिंत तिच्या वाटेने चालली होती. मी म्हणालो, "घोडा आता दमला आहे. त्याच्या तोंडाला फेस आला आहे." आणि सारा किनारा खदखदून हसला. मी आवाज चढवला. "माणूस घोड्याला म्हणतो, बाबा रे, मला तुझाच आधार." आणखी हसले. पौलिअसी लांबून ओरडला, "फिलि, त्या बाईला घोडा म्हणतोस होय रे!"

माझ्या मानेवर घाम आला. कापड बाजूला सारून भिंतीकडे पाहिले असते, तर दोन गोष्टी झाल्या असत्या: चित्रपट दिसला असता, आणि आपण दिसला असता. मी हात मांडीवर ठेवले. मी कापडाला हात लावला नाही, हे विशेष नमूद करतो.

तेव्हा कापडाच्या पलीकडून, जेमतेम हाताच्या अंतरावरून, आवाज आला.

"अरे, घोडा केव्हाच गेला. बाई सूप ढवळतेय. नीट सांग ना."

ताई, पन्नास वर्षे होत आली. आपण मला काही सांगितलेत तर ते कोणाच्या तरी तोंडून. आवाज जाड झाला आहे, पण मी ओळखला. मी माइकवर म्हणालो, "बाई सूप ढवळते आहे."

"खिडकीतून बघतेय."

"खिडकीतून समुद्राकडे पाहते आहे."

"समुद्राकडे नाही, शेजारणीकडे. शेजारीण आगाऊ दिसतेय."

मग शेजारणीला मी चांगली फैलावर घेतली. लोकांना प्रकार कळला होता. पुढचे लोक मागच्यांना सांगत होते, "ती सांगते, तो सांगतो." कोणी हसत नव्हते. आपण सांगायच्या, मी सांगायचो. आपण म्हणालात, "टोपी उडाली," मी म्हणालो, "टोपी उडाली, पण माणूस थांबला नाही, कारण टोपी पुन्हा मिळते." आपण कापडाआडून म्हणालात, "असं कुठे म्हणाला तो?" मी माइक हाताने झाकून म्हणालो, "म्हणायला हवं होतं." आपण म्हणालात, "बरं."

असे चालता चालता मला जहाजाचा भोंगा ऐकू आला. तो भोंगा मी विसरलेलो नाही. धक्का आला होता.

मी माइकवर म्हणालो, "जहाज लागले. बहीण धावत निघाली." होय, मी पुन्हा बहीणच म्हणालो. माझ्या वयाच्या लोकांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. मी म्हणालो, "भाऊ उतरला. ते दोघे धक्क्यावर भेटले."

आणि थांबलो. यापुढे काय आहे ते मला ठाऊक होते. आपल्यालाही दिसत होते. यंत्राची घरघर आणि भिंतीमागच्या लाटा, एवढाच आवाज होता. मी आपल्याला विचारू शकत नव्हतो आणि आपण मला सांगू शकत नव्हता. आता आपण उठून चालू लागाल, असे मला वाटले, आणि तसे झाले असते तर मी खुर्चीवर बसूनच राहिलो असतो, पण त्यानंतर कशासाठी, ते मला सांगता आले नसते.

आपण म्हणालात, "फिलि."

मी म्हणालो, "ताई."

आपण म्हणालात, "ते दोघं जेवायला बसले."

मी विचारले, "काय जेवायला?"

"लू. नारळाच्या दुधातलं."

मी माइक जवळ घेतला आणि साऱ्या नुकुअलोफाला सांगितले, "ते दोघे तिथेच, धक्क्यावर, जेवायला बसले. लू आहे, नारळाच्या दुधातले. भावाने चांगला घास आधी बहिणीला वाढला, रीतीप्रमाणे."

मग पौलिअसी ओरडला, "किती वेळ जेवताहेत रे!"

आणि आपण माइकशिवाय, उभ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलेत, "भूक लागली असेल! लांबून आलाय तो!"

त्यावर जे हसू फुटले, त्यात तेव्हाचे बाके बडवणारे होते, म्हाताऱ्या होत्या, मुले होती. पण मी ऐकत होतो ते एकच. आधीच्या एका पत्रात मी लिहिले होते की त्या संध्याकाळी आपण सभागृहात आहात हे मला कसे कळले ते सांगणार नाही. आता सांगतो. त्या संध्याकाळी मी घोड्याविषयी काही विनोद केला आणि अंधारात कोणीतरी हसले. आधी नाकातून, मग एकदम मोकळे. मुलांच्या झोपडीत निजायला गेल्यापासून ते हसू मी ऐकले नव्हते. तेव्हा त्या हसण्यासाठी मी बसून राहिलो, आणि परवाही त्यासाठीच. लोकांना बाकीची कारणे पुरतील.

भिंतीवर प्रत्यक्षात काय होते, याविषयी ऑकलंडमध्ये कोणी वाद घातल्यास त्यास सांगावे: निवेदक पडद्याआड होता, त्याने पाहिले नाही, त्याला त्याच्या मोठ्या बहिणीने सांगितले. लोलोहेआ घराण्यात बहिणीच्या शब्दापुढे पुरावा मागत नाहीत. ते दोघे जेवायला बसले.

मी क्षमा मागितलेली नाही. आपणही मागितलेली नाही. हे असेच असावे.

एक शेवटचे. चित्रपट संपल्यावर मी कापड उतरवले तेव्हा आपण वासितीच्या आधाराने गेला होता, आणि आपली चटई तिथेच होती. वासिती ती न्यायला आली होती. माझ्या घरातून तिने छत्री नेली, डुक्कर नेले, मी अडवले नाही. ही चटई मात्र मी दिली नाही. तिला म्हणालो, "आईला सांग, विमानाने पाठवणार नाही. ती इथेच अंथरायची आहे. कुठे, ते तिला ठाऊक आहे." वासिती म्हणाली, "मामा, घाई नाही ना?" मी म्हणालो, "कोनफळे निघायची आहेत अजून."

वरील मजकूर खरा आहे. मी खुर्चीवरून उठलो नाही.

फिलिमोने लोलोहेआ

हजर असलेले साक्षीदार: तोआकासे लोलोहेआ, पत्नी, जिने कापडाचे दोर बांधले. पौलिअसी, मित्र, ज्याला गप्प बसता येत नाही. कालोलाइनेबाई, चिटणीस. वासिती, भाची, हातात माझी छत्री घेऊन. कापडाच्या पलीकडे, चटईवर, शेवटपर्यंत: आपण.